दहावी-आयटीआयवाल्याला माझ्या दुप्पट पगार, मग माझ्या बी.ई.ची किंमत काय?

मेक_२०२१ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात, को-जनला (उसाचा चोथा जाळून वीज तयार करणारा विभाग) ट्रेनी इंजिनिअर आहे. कारखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बी.ई. मेकॅनिकल, २०२१ पास, डिस्टिंक्शन. सुरुवातीला चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला होतो. वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा गावाकडं परत आलो. इथं एकत्रित पगारावर घेतलंय. पीएफ कापून हातात १९ हजार पडतात.

माझ्याच पाळीला बॉयलरवर एक मामा आहेत. दहावी, आयटीआय फिटर आणि फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट. त्यांना सगळं धरून ४१ हजार मिळतात. माणूस फार चांगला आहे. त्यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही, काम मी त्यांच्याकडूनच शिकतोय. पण परवा पगाराच्या दिवशी आईनं सहज विचारलं, "शिक्षणाचं कर्ज अजून किती राहिलंय रे?" आकडा सांगितला आणि तिचं तोंड उतरलेलं बघून रात्रभर झोप नाही लागली.

चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स केलं. वाफेवर टर्बाइन चालतं ती रँकिन सायकल मी आत्ता फळ्यावर काढून दाखवीन. मामांना ते नावही माहीत नाही. मग पगार ठरतो तरी कशावर? शिक्षणावर ठरत नाही हे तर दिसतंच आहे. एम.टेक. केलं तर फरक पडेल? की एमबीए? एक मित्र म्हणतो, सगळं सोड आणि तलाठी भरतीचा अभ्यास कर, तलाठ्यालाही तुझ्यापेक्षा जास्त आहे. अनुभवी लोकांनी सांगावं.

विशाल_चाकण

भावा, सेम कंडिशन इकडं पण आहे. आमच्या लाइनवर बी.ई. झालेली पोरं शिकाऊ म्हणून स्टायपेंडवर आहेत आणि त्यांच्याच बाजूला कायम झालेला जुना आयटीआयवाला तिप्पट उचलतोय. डिग्रीला आता कुणी विचारत नाही. डिझाइनची सॉफ्टवेअरं शीक आणि पुण्याला परत ये, गावात राहून काही होणार नाही.

सुनंदाकाकू

विशाल, वडील आजारी असलेल्या मुलाला "पुण्याला ये" म्हणणं सोपं आहे. आधी त्याचा प्रश्न तर बघू.

मी साखर कारखान्यातच नोकरी केली. आधी टाइम ऑफिस, मग पगार विभाग, तिथूनच निवृत्त झाले. कायम, हंगामी कायम, रोजंदारी अशा सगळ्यांची पगारपत्रकं वर्षानुवर्षं माझ्या टेबलावरून गेली आहेत. त्यावरून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे, ती सांगते. पगार माणसाला मिळत नाही, तो ज्या जागेवर बसलाय त्या जागेला मिळतो. तुझं डोकं, तुझे मार्क, तुझी चार वर्षं हे सगळं फक्त तू कोणत्या जागेवर बसू शकतोस एवढंच ठरवतं. त्या जागेचे पैसे किती, हे तू यायच्या आधीच ठरून गेलेलं असतं.

आता मामांची जागा बघ. त्यांची एखादी जुनी स्लिप मागून घे आणि नुसत्या बेरजेवर जाऊ नकोस, रकाने वाच. बेसिक, महागाई भत्ता, घरभाडं, रात्रपाळी भत्ता, धुलाई भत्ता. यातला एकेक रकाना कुणीतरी कधीतरी भांडून मिळवलेला आहे. साखर धंद्याला पहिलं केंद्रीय वेतन मंडळ बसलं १९५७ ला. तेव्हापासून कामगारांची अकुशल, निमकुशल, कुशल अशी वर्गवारी आणि तिची वेतनश्रेणी चालत आली. पुढं आपल्या राज्यात त्रिपक्षीय समिती बसते, कारखानदार, कामगार संघटना आणि सरकार, आणि दर काही वर्षांनी नवा करार होतो. मामा कुशल श्रेणीत कायम आहेत. म्हणजे त्यांच्या ४१ हजारांत सर्टिफिकेटचा वाटा आहेच, पण त्याहून मोठा वाटा इतक्या वर्षांच्या वेतनवाढींचा आणि करारांचा आहे.

पटत नसेल तर उद्या गेल्यावर चौकशी कर. तुमच्याच बॉयलर हाउसला ठेकेदाराकडून आलेला एखादा नवा अटेंडंट असेल. तेच सर्टिफिकेट, तोच बॉयलर, तीच रात्रपाळी. त्याचा पगार विचार. तो तुझ्या आसपासच असेल, कदाचित कमीही असेल. कागद दोघांचा एकच आहे की नाही? जागा वेगळी आहे.

मग तू. तुला "ऑफिसर कॅडर" म्हणून घेतलं असेल. ऐकायला बरं वाटतं, पण त्याचा पगारपत्रकातला अर्थ असा की तुला करार लागू नाही. समिती बसते तेव्हा त्या टेबलावर तुझ्या बाजूनं बोलणारा कुणी नसतो. तुझा आकडा कारखाना एकटा ठरवतो, आणि तो ठरवताना बघतो गेटबाहेरची रांग. ही रांग कशी लागली तेही सांगते. १९८३ ला वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याआधी आपल्याकडची हुशार पोरं सीट नाही म्हणून कर्नाटकात डोनेशन भरून जायची. त्या निर्णयानं शेतकऱ्यांची मुलं इंजिनिअर झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याला वाईट म्हणणार नाही. पण कॉलेजं वाढली त्या वेगानं इंजिनिअरच्या जागा वाढल्या नाहीत. आमच्याकडं ट्रेनी इंजिनिअरची जाहिरात निघाली की अर्जांची पोती यायची. फर्स्ट क्लास अटेंडंट पाहिजे असला की चीफ इंजिनिअर स्वतः शेजारच्या कारखान्यात फोन करायचे.

कारण तिथं कायदा उभा आहे. बॉयलरचा १९२३ चा जुना कायदा जाऊन २०२५ ला नवा आला, पण मूळ गोष्ट तीच राहिली. सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या ताब्यात असल्याशिवाय बॉयलर चालवता येत नाही. तीन पाळ्यांना तीन आणि साप्ताहिक सुट्टीला बदली एक, म्हणजे एका बॉयलरला चार माणसं कारखान्याला ठेवावीच लागतात, परवडो न परवडो. तुझ्या बी.ई.शिवाय मात्र कारखान्याची एकही पाळी बंद पडत नाही. हे वाचून वाईट वाटेल, पण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथं आहे. जो कागद नसला तर काम कायद्यानं थांबतं, त्या कागदाला पैसे मिळतात. नुसत्या "असलेला बरा" अशा कागदाला रांगेत उभं राहायची परवानगी मिळते.

तलाठ्याचं म्हणशील तर तिथंही जागाच बोलते. सातव्या वेतन आयोगात राज्याचा शिपाई एस-१ या सगळ्यांत खालच्या वेतनस्तराला, मूळ वेतन १५,००० पासून. लिपिक १९,९००. तलाठी २५,५००. वर महागाई भत्ता. तलाठ्याला पदवी लागते, कुठलीही. बी.ए. मराठी झालेली मुलगी आणि तू, दोघांना तोच पहिला पगार. शिपायाच्या भरतीला पदवीधर अर्ज करतात, निवडही होते, पण म्हणून त्यांना १५,००० च्या वर कुणी बसवत नाही. अभ्यास करायचा तर जरूर कर, फक्त त्यात तुझं मेकॅनिकल कामाला येईल अशी आशा ठेवू नकोस. आणि किती मुलं परीक्षेला बसतात नि किती जागा निघतात हे बघूनच घरी शब्द दे.

एम.टेक. मात्र करू नकोस. निदान पगारासाठी करू नकोस. ज्या रांगेत उभा आहेस तिथं त्यानं एक-दोन पावलं पुढं सरकशील इतकंच, आणि डोक्यावर आणखी दोन वर्षांचं कर्ज. साखर धंद्यातच राहायचं असेल तर कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत साखर अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम आहे, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. तिथला कागद या धंद्यात ओळखतात.

तुझ्या पदवीचा उपयोग पुढं आहे. मामा कितीही चांगले असले तरी चीफ इंजिनिअरच्या खुर्चीवर बसणार नाहीत, ती वाट तुला मोकळी आहे. पण मधली पायरी चढल्याशिवाय नाही. त्या पायरीचं बॉयलरवाल्यांपैकी कुणी सांगेल तर बरं, ते माझ्या खात्यातलं नव्हे.

तिसरी_पाळी

मी सांगतो. नगर जिल्ह्यात बॉयलरवर आहे, बीओई (त्याचा अर्थ खाली सांगतो).

काकूंचं बरंच पटलं. एक मात्र पटलं नाही. मामांना पैसे कायद्यामुळं आणि युनियनमुळं मिळतात म्हटलं की असं वाटतं, काम कुणीही करील. तसं नाहीये. आमचा बॉयलर ८७ केजी दाबाचा, वाफ ५१५ डिग्रीला. बगॅस म्हणजे उसाचा चोथा, त्यात निम्मं पाणीच असतं. मिलवर पाणी जरा जास्त मारलं की ओला बगॅस येतो, भट्टीत जाळ लाल पडतो, प्रेशर उतरायला लागतं. टर्बाइन तिकडून वाफ ओढतच असतं. आता नीट ऐक, तू थर्मो शिकलायस. प्रेशर झटक्यात पडलं की ड्रममधल्या पाण्यात बुडबुडे वाढतात आणि पाणी फुगतं. गेज ग्लासात पातळी वर चढलेली दिसते. कंट्रोल ऑटोवर असलं तर निभतं. मॅन्युअलला घ्यायची वेळ आली की नवखा माणूस पातळी वर दिसली म्हणून फीड वॉटर, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, कमी करतो. प्रत्यक्षात आत पाणी कमीच होत चाललेलं असतं. बुडबुडे बसले की पातळी धाडकन खाली. लो लेव्हलला बॉयलर आपोआप बंद पडला, ट्रिप झाला, तर नशीब, नाहीतर ट्यूब तापून फुटते.

ट्यूब फुटली की बॉयलर थंड करा, आत माणूस घाला, वेल्डिंग, हायड्रो टेस्ट, परत पेटवा. कमीत कमी दीड-दोन दिवस. पाच हजार टन रोजच्या कारखान्यात तासाला दोनशे टन ऊस गाळला जातो, म्हणजे तासाला वीस-बावीस टन साखर. गाळप थांबलं तरी तोड लगेच थांबत नाही, ऊस यार्डात वाळत पडतो, साखरेचा उतारा घसरतो, शेतकरी गेटवर येऊन विचारतात. हे सगळं मामांच्या त्या दहा सेकंदांवर आहे. ते पातळी वर दिसताना पाण्याला हात लावत नाहीत, आधी प्रेशर बघतात. कुणी शिकवलं नसेल त्यांना, पण हाताला माहीत आहे. पगार त्याचाही आहे.

तुझ्यासाठी पुढची पायरी म्हणजे बीओई, बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर. २०११ च्या नियमांखाली परीक्षा होते, लेखी आणि तोंडी. पदवी किंवा डिप्लोमा लागतो, वर बॉयलर चालवण्याचा-देखभालीचा अनुभव लागतो. मोठ्या बॉयलरना हा माणूस ठेवावाच लागतो. मामांना ही परीक्षा देता येत नाही, तुला येते. इथं तुझं बी.ई. कामाला येतं. तोंडीला मला ड्रम लेव्हलचंच विचारलं होतं. का फुगतं ते पुस्तकातून सांगता आलं आणि मग काय करायचं ते मामांसारख्यांकडून शिकलो होतो.

डॉ_तासिका

हा धागा वाचून राहवलं नाही. मी लातूरकडची. अर्थशास्त्रात एम.ए., सेट, पीएच.डी. अनुदानित कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. काकूंचा "जागेला पगार" हा मुद्दा माझ्या आयुष्यात तंतोतंत उतरलाय.

आमच्या स्टाफरूममध्ये दोन प्रकारचे लोक बसतात. एकाची नेमणूक मंजूर पदावर झाली आहे. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. दुसरी मी. पात्रता तीच, अभ्यासक्रम तोच, पेपर तपासायला आम्ही एकाच केंद्रावर जातो. मला तास घेतला तर पैसे, दिवाळीची सुट्टी लागली की नाही, मे महिन्यात नाही, आणि घेतलेल्या तासांचे पैसेही हातात पडेपर्यंत सत्र उलटतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१९ च्या सूचनेप्रमाणं अतिथी प्राध्यापकाला तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार द्यायला हवेत. आपल्याकडचा दर त्याहून कमी आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये पंजाबच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सांगितलं की तेच काम करणाऱ्या तात्पुरत्या माणसाला निदान नियमित वेतनश्रेणीचा किमान पगार तरी मिळाला पाहिजे. निकाल मी वर्गात शिकवते.

तेव्हा, काकू, तुमच्या म्हणण्याला एक जोड देते. कायद्यानं कागद सक्तीचा केला म्हणजे पैसे मिळतातच असं नाही. सेट-नेट किंवा पीएच.डी. असल्याशिवाय प्राध्यापक होता येत नाही, पीएच.डी.साठी मी ऐन तारुण्याची वर्षं घातली. पण सरकारनं पदच भरलं नाही तर तो सक्तीचा कागद हातात घेऊन हजारोंनी उभं राहायचं. बॉयलरवरची जागा रिकामी ठेवता येत नाही, प्राध्यापकाचं पद रिकामं ठेवता येतं आणि वर्ग माझ्यासारखीकडून चालवून घेता येतो.

मेक_२०२१, तुमच्या प्रश्नावर अर्थशास्त्रात पुष्कळ काम झालंय. मायकेल स्पेन्स यांना २००१ चं नोबेल मिळालं त्यामागं त्यांचं १९७३ चं काम होतं. मालकाला माणूस आतून कसा आहे ते दिसत नाही, म्हणून तो पदवीकडं एक खूण म्हणून बघतो. चार वर्षं टिकला, पास झाला, म्हणजे चिकाटीचा असणार. पदवीत काय शिकवलं याला त्यात फार महत्त्व नसतं. आता अशी खूण गल्लीतल्या प्रत्येक घरात असली तर मालक तिच्यावरून काहीच ओळखू शकत नाही. मग तो पुढची खूण मागतो. म्हणून तुम्हाला एम.टेक. सुचतं आणि मला पोस्ट-डॉक. दोघांनीही सावध राहायला हवं.

कोयता_बीड

तुमची सगळ्यांची चर्चा वाचली. बॉयलरचा बगॅस ज्या उसाचा होतो तो ऊस माझे आईवडील तोडायचे. दिवाळी झाली की निघायचं ते उन्हाळ्यातच परत. पहाटे फडात, रात्री गाडी भरायला. कष्टावर पगार ठरत असता तर आमचं घर तुमच्या चीफ इंजिनिअरपेक्षा मोठं असतं. मामांना धोका आहे म्हणता, बरोबर आहे. साप, बिबट्या, बाळंतपण फडात. यांना कुठला धोका भत्ता? मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करतोय. काकू, तुमच्या पगारपत्रकात माझ्या आईचं नाव कधी होतं का?

सुनंदाकाकू

बाळा, नव्हतं. आणि हे तू विचारलंस ते फार बरं केलंस.

तोडणीवाल्यांचा हिशेब आमच्या विभागात यायचाच नाही. तो शेती खात्यात, तोडणी-वाहतुकीच्या बिलात. बिल निघायचं वाहतूक ठेकेदाराच्या किंवा मुकादमाच्या नावावर, टनावर. कारखान्याच्या कागदावर तुझे वडील कामगार नव्हते आणि तुझी आई तर कुठल्याच कागदावर नव्हती. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, नवऱ्याच्या हातात, वजन दोघांचं. धुलाई भत्त्याच्या दहा रुपयांसाठी आमच्याकडं युनियनची माणसं येऊन वाद घालायची, आणि गेटबाहेर झोपडीत राहणाऱ्या बाईच्या नावाची ओळसुद्धा नव्हती. ती असायला हवी होती. आजही असायला हवी. कुणी मला म्हणालं की पगार कौशल्यावर ठरतो, तर मी म्हणते, फडात जाऊन एकदा मोळी बांधून बघा आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढून बघा.

तुमच्या लोकांना कमी मिळतं त्याचं कारण कामात नाही, उचलीत आहे. हंगामाआधी पैसे हातात घेतलेले असतात, ते पावसाळ्यात दवाखान्याला, लग्नाला संपलेले असतात. "हा दर परवडत नाही, मी येत नाही" म्हणायची सोय राहत नाही. ज्याला थांबता येतं त्याला दर मिळतो. मामांना बेकार भत्ता मिळत नसेल कारण ते बारमाही आहेत, पण आमच्या हंगामी कायम कामगारांना कारखाना बंद असतानाही थोडे पैसे मिळायचे, म्हणून ते पुढच्या करारापर्यंत ताठ उभे राहू शकायचे. तोडणीवाल्यांना बंद काळात फक्त कर्ज मिळतं. तरीही त्यांनी कोयता बंद ठेवून दर वाढवून घेतलेत. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. काम आदल्या दिवशी होतं तेच होतं, कुणी नवी परीक्षा दिली नव्हती. एकत्र थांबले म्हणून वाढला.

डॉ_तासिका

कोयता_बीड, मागच्या पोस्टमध्ये मी जे लिहायला हवं होतं ते तुमच्यामुळं आता लिहिते. अ‍ॅडम स्मिथनं १७७६ मध्ये लिहिलं की घाणेरड्या, कष्टाच्या कामाला जास्त मजुरी मिळायला लागते, नाहीतर ते कुणी करणार नाही. १८४८ मध्ये जॉन स्टुअर्ट मिलनं उलट नोंद केली, खरोखर थकवणाऱ्या आणि किळसवाण्या कामांनाच बहुतेक वेळा सर्वांत कमी मिळतं, कारण ती करणाऱ्यांपुढं दुसरा पर्याय नसतो. आपल्याकडं तर जन्मानंच पर्याय काढून घेतले होते. बाबासाहेब आंबेडकर स्वतः कोलंबियाचे अर्थशास्त्राचे डॉक्टर. त्यांनी १९३६ मध्ये मांडलं की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे.

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी चांगली असायची. त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे आणि बाकीच्यांना त्याचा विटाळ. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढं ठेवला. म्हणजे काकूंची ती चांगल्या पगाराची जागा समोर होती, कौशल्य चार महिन्यांत येण्यासारखं होतं, आणि दार बंद होतं. पात्रता म्हणजे काय, हे ठरवणारे कोण असतात, हेही बघावं लागतं. तुम्ही डिप्लोमा पूर्ण करा. अर्ज, फी, काहीही अडलं तर मला निरोप पाठवा, मनापासून सांगतेय.

मेक_२०२१

सगळ्यांचे खूप आभार. काकू, आज मामांची स्लिप खरंच बघितली. तुम्ही म्हणालात तसंच आहे, बेसिक आणि महागाई भत्ता हेच मोठे आकडे. ठेकेदाराकडच्या मुलालाही विचारलं. त्याला १७ हजार, सर्टिफिकेट सेकंड क्लासचं आहे. कोयता_बीड, तुझी पोस्ट आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, आपल्या शेतातला ऊस तोडायला यायचे त्यांना आपण कधी नाव विचारलं नाही.

एम.टेक.चा विचार सोडला. बीओईचं करायचं ठरवतोय. तिसरी_पाळी दादा, एक अडचण आहे. माझ्या नेमणूक पत्रावर "ट्रेनी इंजिनिअर" एवढंच आहे, बॉयलरचं नाव नाही. रोज बॉयलर हाउसलाच असतो, पण तो अनुभव धरतील का?

तिसरी_पाळी

नुसत्या नेमणूक पत्रावर नाही धरणार. अनुभवाचा दाखला लागतो आणि त्यात बॉयलरचा नोंदणी क्रमांक, हीटिंग सरफेस, प्रेशर आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत काम केलं हे स्पष्ट पाहिजे. नियमांतला नमुना काढून घे, बाष्पके विभागाच्या, म्हणजे सरकारच्या बॉयलर खात्याच्या, कार्यालयातही विचारता येईल, आणि त्याच नमुन्यात लिहून घे. आजपासून लॉगबुकला पाळीच्या नोंदीखाली स्वतःची सही करायला लाग, मामांना सांग, ते अडवणार नाहीत. आणि दाखला मे महिन्याची वाट न बघता आत्ताच, गाळप चालू असतानाच मागून ठेव. हंगाम संपला की चीफ इंजिनिअर बदलतात, मग नवीन माणूस म्हणतो मी तुला पाहिलेलंच नाही. माझं एक वर्ष असंच गेलं.